वाकाटकांच्या राजधानीत एक दिवस

आमच्या शाळेत इतिहासाचा तास ज्या खोलीत होतो, तिच्या भिंतीवर इटलीतील रावेन्ना नगरीचे एक मोठे रंगीत चित्र लावलेले आहे. गर्द निळा घुमट आणि त्यावर विखुरलेले सोनेरी तारे. प्रथम पाहणारास वाटते की, कोणी कुशल चित्रकाराने हे कुंचल्याने रंगविले असावे; परंतु त्यात रंगाचा एक थेंबही नाही. बोटाच्या नखाएवढे काचेचे व दगडाचे रंगीत तुकडे ओल्या चुन्यात एकेक करून बसविले, म्हणजे हे मोझेकचे काम तयार होते. सोनेरी तुकड्यांत तर दोन काचांच्या मध्ये सोन्याचा वर्ख कोंडलेला असतो. हे तुकडे कारागीर मुद्दामच थोडे तिरपे बसवी. त्यामुळे दिवा हलला की भिंत हलल्यासारखी दिसते. आमच्या घरांतील मोझेकची फरशी ही या कलेची फार दूरची व गरीब नातलग म्हणावयाची.

रावेन्ना इसवी सन ४०२ मध्ये पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी झाली. सभोवार दलदल असल्यामुळे शत्रूस तेथे सहजी पोचता येत नसे, एवढेच त्या गावाचे भाग्य. याच शतकात तेथे गाल्ला प्लासिदिया नावाच्या राजमातेने, सहा वर्षांच्या मुलाला सन ४२५ मध्ये सिंहासनावर बसवून, त्याच्या नावाने कारभार पाहिला. तो ताऱ्यांचा घुमट तिच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहानशा इमारतीचा आहे. या प्रांताशी मराठी माणसाचाही एक संबंध आहे. याच परिसरातून वाहणाऱ्या सेनिओ नदीच्या काठी ९ एप्रिल १९४५ रोजी अहमदनगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव यांनी गोळ्यांच्या वर्षावात जखमी सोबत्यांना उचलून आणले व व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला.

हे सर्व सांगून झाल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, रावेन्ना राजधानी होती तेव्हा आपल्या बालाघाटात काय होते? नुसते जंगलच ना?" वर्गात हशा पिकला. प्रश्न विचारणाराने तो थट्टेने विचारला होता. पण त्याचे उत्तर थट्टेचे नव्हते, आणि त्या उत्तरातूनच आमची ही सहल निघाली.

जंगल होते हे खरेच. पण त्याच जंगलात, आपल्या बालाघाट जिल्ह्यात, सन १८९३ च्या सुमारास एका झाडाला टांगलेले ताम्रपट मिळाले अशी नोंद आहे. ताम्रपट म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेले सरकारी दानपत्र; पत्रे एकमेकांत ओवण्यासाठी कडी असते व तिला राजमुद्रा अडकविलेली असते. आजच्या भाषेत शिक्क्याचा दस्तऐवजच. हे ताम्रपट पंडित कीलहॉर्न यांनी वाचून प्रसिद्ध केले. कीलहॉर्न हे मूळचे जर्मन. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते अनेक वर्षे संस्कृतचे प्राध्यापक होते. पट निघाले वाकाटक घराण्यातील दुसरा पृथिवीषेण या राजाचे. त्यात त्याच्या पूर्वजांची नावे आहेत. कोसल, मेकल व माळवा येथील राजे त्याच्या पित्याची, म्हणजे नरेंद्रसेनाची, आज्ञा मानीत असे म्हटले आहे. आणि स्वतः पृथिवीषेणाने बुडालेल्या वंशाला दोनदा वर काढले असा उल्लेख आहे. यानंतर खरे म्हणजे अमुक गाव अमुक ब्राह्मणास दिले असे यावयास हवे. पण लेख तेथेच तुटतो. दान कोणाला, कोणते गाव, काहीच कोरलेले नाही. कोरणाराचा हात मध्येच का थांबला असेल, यावर आमच्या वर्गात जितकी डोकी तितके तर्क झाले.

आपल्या जिल्ह्यात तिरोडी येथेही याच घराण्यातील दुसऱ्या प्रवरसेनाचे, त्याच्या राज्याच्या तेविसाव्या वर्षातले, ताम्रपट सापडले आहेत. तेव्हा बालाघाट हे वाकाटकांच्या राज्यातले होते यात शंका नाही. मग या राजांचे राहते ठिकाण कोठे होते? त्यांच्या थोरल्या शाखेची पहिली प्रसिद्ध राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचे आजचे नगरधन. आणि नंतरची प्रवरपूर, जी मनसर येथे होती असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. रावेन्नाला जाणे आमच्या आवाक्याबाहेरचे. पण रामटेक हे बालाघाटकरांना मुळीच दूर नाही. सन १९५६ पर्यंत तर नागपूर हीच आपली राजधानी होती, व आजही आपल्यापैकी निम्म्या घरांची सोयरीक त्या बाजूची आहे.

डिसेंबरातल्या एका पहाटे आम्ही निघालो. वैनगंगेवर धुके इतके दाट होते की पुलाचा दुसरा काठ दिसेना. वारासिवनी मागे पडली, तुमसर आले, खळ्यांवर धानाच्या गंजी दिसू लागल्या, आणि साधारण तीन तासांनी रामटेकची टेकडी व तिच्यावरील पांढरी शिखरे नजरेस पडली. बरोबर असलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी ती आधी पाहिलेली होती. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला आजीचे बोट धरून गेलेली मुले ती. "येथे आता नवीन काय पाहावयाचे?" असा भाव काही चेहऱ्यांवर स्पष्ट होता.

गडावरील राममंदिराचे आजचे रूप मुख्यतः नंतरच्या काळातील. पहिल्या रघूजी भोसल्यांनी अठराव्या शतकात त्याचा जीर्णोद्धार केला. तेथे दर्शन घेऊन आम्ही, यात्रेकरू ज्यांच्यापुढून घाईघाईने निघून जातात, त्या लहान देवळांकडे वळलो. त्यांतील पहिला थांबा वराहाचा. एका अखंड दगडातून घडविलेला हा अवाढव्य रानडुक्कररूपी विष्णू उघड्या मंडपाखाली उभा आहे. त्याच्या पोटाखालून जो सरपटत पलीकडे जाईल तो निष्पाप, अशी भाबडी समजूत आहे. सगळी मुले निष्पाप ठरली. शिक्षकांपैकी कोणी तो प्रयोग केला नाही.

पुढे दोन नरसिंहमंदिरे आहेत, रुद्र नरसिंह व केवल नरसिंह. नरसिंह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे हिरण्यकशिपूचे पोट फाडणारे उग्र रूप येते. येथे तसे काही नाही. भव्य देहाचा नरसिंह एकटाच, एका हाताशी चक्र घेऊन, स्वस्थ बसलेला आहे. जणू काम उरकून विसावलेला. देऊळ अगदी साधे, लहानसा गाभारा व त्यापुढे मंडप, वर शिखर नाही. सुमारे सोळाशे वर्षे ते उभे आहे. महाराष्ट्रात लेण्यांचे वैभव पुष्कळ आहे; पण दगडावर दगड रचून बांधलेली इतकी जुनी देवळे फारच थोडी, ही गोष्ट यात्रेच्या गर्दीत कोणी सांगत नाही.

केवल नरसिंहाच्या मंडपातील भिंतीवर एक संस्कृत शिलालेख आहे. तो शतकानुशतके चुन्याच्या थराखाली झाकलेला होता. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात दुरुस्तीच्या वेळी चुना निघाला तेव्हा अक्षरे दिसली. बरीचशी झिजलेली आहेत. अभ्यासकांनी जे वाचले त्यात प्रभावतीचे नाव येते, आणि तिच्या पुण्यार्थ तिच्या मुलीने देवालय उभारल्याचा अर्थ त्यातून निघतो. आईच्या नावाने मुलीने बांधलेले देऊळ! आमच्याबरोबरच्या मुलींनी ही ओळ वहीत आपणहून उतरून घेतली.

ही प्रभावतीगुप्ता कोण, हे येथेच सांगितले पाहिजे. ती गुप्तसम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या व वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची पट्टराणी. पती लवकर वारला, मुले लहान. चौथ्या शतकाच्या अखेरीस व पाचव्याच्या आरंभी तिने युवराज दिवाकरसेनाच्या नावे राज्य चालविले. पुण्यात उजेडात आलेल्या तिच्या ताम्रपटावर कारभाराचे तेरावे वर्ष नमूद आहे; म्हणजे तेरा वर्षे तरी हा भार तिच्या शिरावर होता. त्या पटात एक विशेष आहे. सासरच्या वंशावळीने आरंभ करावयाचा सोडून ती माहेरच्या गुप्तांची वंशावळ आधी देते. तो पट नंदिवर्धनाहून निघाला. वार्धक्यात तिने दिलेला दुसरा एक पट अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपूर येथे सापडला, आणि तो रामगिरीच्या स्वामीच्या पायापासून, म्हणजे याच टेकडीवरून, दिलेला आहे. कालिदासाच्या मेघदूतातील रामगिरी तो हाच, असे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी आग्रहाने प्रतिपादिले. सरगुजाकडील रामगढाचा पक्ष घेणारे विद्वानही आहेत. त्या वादात आम्ही पडलो नाही. गडाच्या कठड्यावर उभे राहून मिराशींची बाजू खरी वाटते, एवढे मात्र सांगतो.

गाल्ला प्लासिदिया आणि प्रभावतीगुप्ता. दोघी सम्राटांच्या कन्या, दोघी विधवा, दोघींनी अल्पवयी पुत्राच्या नावे राज्य राखले. दोघींच्या कारभारात एक पिढीचेही अंतर नाही, आणि एकीला दुसरीची वार्ताही नसेल. एकीच्या नावाचा घुमट पाहावयास जगभरातून माणसे जातात. दुसरीचे नाव, ज्या गडावर ती येत असे तेथेच, चुन्याखाली दडलेले होते.

भाकरी, झुणका व रामटेकचे पान यांचा समाचार घेऊन दुपारी आम्ही मनसरला गेलो. मनसर हे नाव आमच्या मुलांना माहीत होते ते मँगनीजमुळे. भरवेलीच्या खाणीत काम करणाऱ्या काही पालकांची बदली तेथे होत असते. पण खाण राहिली एका बाजूस. आम्ही गेलो ते तळ्यानजीकच्या, लोक जिला हिडिंबा टेकडी म्हणतात तिकडे. सन १९९७-९८ पासून जगत्पती जोशी व अ. कु. शर्मा यांच्या देखरेखीखाली येथे उत्खनन झाले. झाडाझुडपांनी झाकलेली ही टेकडी आतून विटांची निघाली. पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारे एक प्रचंड देवालय, खालच्या थरांना चांदणीच्या आकाराचे कोन. एवढी उंची पेलावी म्हणून बांधणारांनी विटांच्या चौकोनी पेट्या बांधून त्या मातीने भरल्या, पेटीला पेटी लावली आणि त्यांवर पुढचा थर चढविला. आमच्या गणिताच्या शिक्षकांना ही युक्ती फारच आवडली व त्यांनी धुळीत काटकीने आकृती काढून ती समजावून दिली. येथे सापडलेल्या मातीच्या मुद्रांवर प्रवरेश्वराचे नाव आहे. प्रवरेश्वर म्हणजे प्रवरसेनाने स्थापिलेला शिव. हा दुसरा प्रवरसेन प्रभावतीचाच पुत्र. सेतुबंध हे काव्य त्याचे, आणि ते महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत.

टेकडीपासून थोड्या अंतरावर राजवाड्याचे अवशेष आहेत. राजवाडा हा शब्द ऐकून मुले धावतच गेली आणि थांबली. गुडघ्याएवढ्या, कमरेएवढ्या विटांच्या भिंती, दालनांचे चौकोन, बस. छप्पर नाही, खांब नाहीत, रंग नाही. एका मुलाच्या तोंडून निघून गेले, "एवढेच?"

त्याला दोष कसा द्यावा? रावेन्नाचे चित्र पाहून आलेला तो. पण याच ठिकाणी रावेन्नाची दुसरी बाजू सांगणे आम्हांस अवश्य वाटले. तेथेही राजवाडा होता. गाल्ला प्लासिदियानंतर गॉथ लोकांचा राजा थिओडोरिक याने सन ४९३ पासून रावेन्नातून राज्य केले. त्याचा वाडा आज कोठे आहे? नाही. त्यातील संगमरवर तीनशे वर्षांनी फ्रँक राजा शार्लमेन याने आखेन येथे आपल्या बांधकामासाठी वाहून नेला. वाडा कसा दिसत होता हे कळते ते केवळ थिओडोरिकनेच बांधलेल्या प्रार्थनामंदिराच्या भिंतीवरील मोझेकवरून. त्या चित्रातही खांबांच्या मध्ये राजा व दरबारी उभे होते. नंतर सत्ता बदलली, तेव्हा त्यांच्या आकृती उखडून तेथे पडदे बसविण्यात आले. मात्र खांबांवर आलेले त्यांचे हात तसेच राहिले. आज पडद्यांच्या आडून नुसते हात दिसतात, माणसे नाहीत.

म्हणजे रावेन्नात टिकली ती प्रार्थनामंदिरे, कारण तेथे रोज दिवा लागत राहिला, गळके छप्पर कोणीतरी शाकारीत राहिले. रामटेकवर टिकला तो नरसिंह व वराह, कारण कोणी ना कोणी रोज फूल वाहत राहिले. चुन्याचा थर देणारानेही देवळाची निगाच राखली होती, अक्षरे झाकली हा त्याचा दोष अज्ञानाचा. पण ज्या वास्तूचा कोणी वापर करीत नाही, ती तेथे काय आणि येथे काय, लोकांना केवळ दगडविटांची खाण वाटू लागते.

तेथे बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी आमचे बोलणे ऐकले व ते म्हणाले, "पयले लोकं इथल्या इटा नेत होते ना, गुरुजी. घर बांधाले, गोठ्याले. आता नाई नेत." वीट आम्ही हातात न घेता वाकून पाहिली. आजच्या विटेच्या जवळजवळ दुप्पट लांब, जाड, नीट भाजलेली. अशी वीट फुकट मिळत असता कोण नाही नेणार?

सूर्य कलला तेव्हा आम्ही नगरधनला पोचलो. किल्ल्याची तटबंदी व दरवाजा चांगल्या स्थितीत आहेत. परंतु तो किल्ला वाकाटकांचा नव्हे, पुष्कळ नंतरचा. खरे नंदिवर्धन आजच्या गावाखाली आणि भोवतालच्या शेतांखाली आहे. सन २०१५ ते २०१८ या काळात पुण्याचे डेक्कन कॉलेज व महाराष्ट्र शासनाचे पुरातत्त्व खाते यांनी येथे उत्खनन केले. कीलहॉर्न ज्या कॉलेजात शिकवीत, त्याच कॉलेजातील मंडळी सव्वाशे वर्षांनी येथे फावडे घेऊन आली, हा योगायोग आम्हांस मोठा गोड वाटला. घरांचे अवशेष, मातीची भांडी, जनावरांची हाडे, कानांतील मातीची भूषणे, गणपतीची एक अखंड मूर्ती, असे बरेच काही मिळाले. आणि मिळाली मातीची एक लंबगोल मुद्रा. वजन ६·४० ग्रॅम. लांबी साडेतीन सेंटिमीटरांहून किंचित अधिक. तिच्यावर शंख आहे आणि ब्राह्मी अक्षरांत प्रभावतीगुप्तेचे नाव आहे.

आम्ही मुलांना चिंचोका हातात घेण्यास सांगितले. वाटेत चिंचेखाली ते पुष्कळ पडले होते. असे थोडे चिंचोके मिळून जेवढे वजन होईल, साधारण तेवढीच ती मुद्रा. ओल्या मातीच्या गोळ्यावर राणीच्या शिक्क्याचा दाब पडला, कोणतेसे पत्र किंवा गाठोडे बंद झाले, आणि उघडणाराने ती माती टाकून दिली. जी वस्तू फेकण्याच्याच लायकीची होती ती उरली, आणि वाड्याचे खांब गेले. नगरधनला पाहण्यासारखे काही नाही असे कोणी म्हटले तर ते एका अर्थी बरोबरच आहे; तेथे जे आहे ते पायाखाली आहे, आणि नांगर तितका खोल जात नाही तोवर ते सुरक्षित आहे. हे ऐकून दोन मुले बांधावरून जरा जपून चालू लागली.

परतीच्या वाटेवर अंधार पडला. गाणी झाली, भेंड्या झाल्या, आणि तुमसरच्या पुढे बहुतेक मंडळी झोपली. ज्याने "एवढेच?" म्हटले होते तो मुलगा मात्र पुढे येऊन बसला. त्याचे गाव लांजीच्या बाजूचे. हलक्या आवाजात तो म्हणाला, "सर, आमच्या गावाबाहेर एक टेकाड आहे. त्यातूनही अशाच मोठ्या विटा निघतात. आमच्या गोठ्याच्या जोत्याला त्याच लावल्या आहेत."

नाताळच्या सुटीत तो गावी गेला आणि वही घेऊन परत आला. वहीत टेकाडाचा कच्चा नकाशा होता, तीन विटांची लांबी, रुंदी व जाडी होती, आणि खाली लिहिले होते की, वडिलांनी नव्या कुडासाठी म्हणून काढून ठेवलेल्या विटा पुन्हा टेकाडावर नेऊन ठेवण्याचे कबूल केले आहे. त्या विटा वाकाटकांच्या की नंतरच्या कोणाच्या, हे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. वहीतील पानाची नक्कल करून ती पुरातत्त्व खात्याकडे पाठविली आहे. मूळ पान रावेन्नाच्या चित्राशेजारी भिंतीवर लावलेले आहे.